पिवळ्या दिव्यामागे: जुन्या पिकअपच्या एबीएसचं निदान

अमेरिकेत रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर पोचलं, असं एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेने नोंदवलं. सरासरीच एवढी असेल, तर वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्याही रोज कामावर निघतात हे उघड आहे. त्यांत पिकअपचा भरणा मोठा. शेवरोले सिल्व्हराडो, फोर्ड एफ-१५०, डॉज रॅम या गाड्या शेतावर, बांधकामावर आणि हिवाळ्यात बर्फ लोटायला राबतात. नीट निगा राखली तर त्यांचं इंजिन तीन लाख किलोमीटर ओलांडतं. पण त्याच्या कितीतरी आधी मीटरमध्ये एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो.

अशा वेळी बहुतेक मालक तीनपैकी एक वाट धरतात. कोणी दिव्याकडे दुर्लक्ष करतं. कोणी कोड वाचून त्यात नाव आलेला भाग बदलतं, आणि दिवा पुन्हा लागला की दुसरा भाग बदलतं. कोणी फ्यूजच काढून टाकतं. चौथी वाट मोजमापाची आहे. ती वेळखाऊ वाटते, पण सगळ्यात स्वस्त पडते. या गाड्यांच्या एबीएसमध्ये जे बिघडतं त्याचा मोठा हिस्सा लोखंड, तांबं आणि अर्थिंग यांच्याशी संबंधित असतो. बाजारात उपाय म्हणून विकली जातात ती मात्र इलेक्ट्रॉनिक्सची महाग खोकी. हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी या दोन गोष्टींमधलं अंतर लक्षात घ्यायला हवं.

पिकअपला एबीएसची गरज कारपेक्षा वेगळ्या कारणाने पडली. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि आधी तीच लॉक होतात. मागची चाकं लॉक झाली की गाडी शेपटीकडून फिरते आणि ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. त्याच मागच्या भागात टनभर माल भरला की ब्रेकचं गणित पार बदलतं. मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली बॉशचं एबीएस आलं ते चारही चाकांसाठी होतं, पण महाग होतं. पिकअपच्या कंपन्यांनी त्यातला आपल्या गरजेपुरता भाग उचलला. फोर्डने १९८७ पासून एफ-सीरिजला फक्त मागच्या चाकांचं एबीएस दिलं, आणि जनरल मोटर्सने (जीएम) १९८८ च्या नव्या सी/के पिकअपला केल्सी-हेज कंपनीची तशीच यंत्रणा बसवली. मागच्या डिफरन्शिअलमध्ये किंवा गिअरबॉक्सवर एकच सेन्सर, एक छोटा कंट्रोलर आणि मागच्या ब्रेकच्या लाइनवर दोन व्हॉल्व्ह, एवढाच तिचा पसारा. एक व्हॉल्व्ह दाब अडवतो, दुसरा सोडून देतो.

नव्वदीच्या दशकात पुढच्या चाकांनाही एबीएस मिळालं. तरी अनेक पिकअपमध्ये सेन्सर तीनच राहिले: पुढच्या प्रत्येक चाकाला एक आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून एक. हे ठाऊक नसेल तर माणूस मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर शोधत बसतो, जो त्या गाडीत कधी नव्हताच. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे हे त्या सालच्या आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून पाहून घेणं. एकाच नावाच्या गाडीत दोन सालांमध्ये यंत्रणा बदललेली असते.

हत्याराला हात लावण्याआधी दिवा कधी लागतो ते पाहावं. यातून मिळणारी माहिती फुकट असते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. किल्ली फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो कंट्रोलरच्या आपल्या तपासणीचा भाग असतो. तो लागलाच नाही तर बल्ब गेलेला आहे, किंवा विकणाऱ्याने काढलेला आहे. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघावं. दिवा लागला आणि गाडी जागची हलण्याआधीच कायम राहिला, तर दोष विजेच्या मार्गात आहे: सेन्सरची तार तुटलेली, रिले किंवा पंपाला वीज नाही, कंट्रोलर बिघडलेला. दिवा विझला आणि गाडी थोडा वेग घेताच परत लागला, तर सेन्सरची तार जोडलेली आहे पण चाक फिरताना सिग्नल येत नाही, किंवा पंप आपल्या चाचणीत नापास झाला. खड्ड्यातून, वळणावरून किंवा पाऊस पडल्यावरच दिवा लागत असेल, तर तार, कनेक्टर किंवा बेअरिंगकडे बोट जातं. एवढ्या निरीक्षणावरच अर्धी यादी बाद होते.

पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला तर मात्र प्रकरण वेगळं. फक्त पिवळा दिवा असेल तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक शाबूत आहे. लाल दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचा, हँडब्रेक ओढलेला असल्याचा किंवा एका बाजूचा दाब गेल्याचा असू शकतो. १९९९ नंतरच्या सिल्व्हराडो आणि तिच्या जुळ्या सिएरामध्ये त्याला आणखी एक अर्थ आला. या गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा जुना यांत्रिक व्हॉल्व्ह काढून ते काम एबीएसच्या कंट्रोलरकडे दिलं होतं. कंट्रोलरने हात टेकले की एबीएस जातं आणि मागच्या दाबावरचं हे नियंत्रणही जातं. मग ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी जोरात थांबवली की मागची चाकं आधी लॉक होण्याचा धोका परत येतो. दोन्ही दिवे एकत्र लागलेली अशी गाडी ‘चालतेय ना’ म्हणून चालवत राहू नये.

कोडांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ओबीडी-टूचं कनेक्टर असतं, म्हणून स्वस्तातला कोणताही कोड रीडर एबीएस वाचेल असं लोक धरून चालतात. तो नियम प्रदूषणाशी संबंधित भागांपुरता होता. स्वस्त रीडर इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड दाखवतो. एबीएसचे ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचायला त्या कंपनीच्या एबीएसशी बोलणारा स्कॅनर लागतो. रीडर ‘एकही कोड नाही’ म्हणतो आणि दिवा मात्र जळत असतो, तो या कारणाने. १९९६ आधीच्या गाड्यांत मार्ग आणखी साधा होता. जीएमच्या मागच्या चाकांच्या एबीएसमध्ये डॅशबोर्डखालच्या बारा पिनांच्या कनेक्टरमधले ए आणि एच हे टर्मिनल तारेने जोडले, की दिवा लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकला ते मोजून कोड मिळतो. फोर्डच्या तेव्हाच्या यंत्रणेतही असेच दिव्याचे झपके मोजावे लागत. त्यासाठी तारेचा एक तुकडा पुरतो.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही, इथे बहुतेकांचे पैसे जातात. जीएमच्या गाड्यांत सी ००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा आणि सी ००४० पुढच्या उजव्याचा. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची शेपटीसारखी निघालेली तार, कनेक्टर, चॅसीवरून जाणारी मोठी वायरिंग, कंट्रोलरचं कनेक्टर आणि कंट्रोलरच्या आतला तो कोपरा. यांपैकी कुठेही दोष असला तरी कोड तोच येतो. ‘सेन्सरचा कोड आला, सेन्सर टाका’ हा निष्कर्ष म्हणून कच्चा आहे. कित्येकदा तो खरा ठरतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. खरा ठरत नाही तेव्हा मात्र तीन सेन्सर आणि दोन हब बदलूनही दिवा तसाच राहतो.

सेन्सर कसा चालतो हे एकदा समजलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. या जुन्या गाड्यांत बहुतेक जागी साधा चुंबकीय सेन्सर आहे. आत एक कायमचा चुंबक, त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी आणि समोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत लहानशी उलटसुलट वीज तयार होते. चाक जोरात फिरलं की दात भराभर जातात, त्यामुळे विजेची आवर्तनं वाढतात आणि तिचा व्होल्टेजही वाढतो. चाक सावकाश फिरलं की दोन्ही कमी होतात. सेन्सर आणि कडी यांच्यातली फट मिलिमीटरभराच्या आसपास असते. फट थोडी वाढली तरी व्होल्टेज झपाट्याने पडतो. या सेन्सरची दुर्बलता मंद वेगात आहे. अगदी सावकाश चालताना सिग्नल इतका क्षीण होतो की कंट्रोलरला तो दिसतच नाही. नव्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक सेन्सर चाक जवळजवळ थांबेपर्यंत मोजू शकतात, यांना ते जमत नाही.

इथे मिठाचा संबंध येतो. अमेरिकेच्या ईशान्येकडची आणि पंचमहासरोवरांभोवतीची राज्यं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांवर जातं. ज्या शहराने या पिकअप घडवल्या, त्याच्याच पोटातलं मीठ त्यांना खातं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात फार जिव्हारी लागते. कोकण किनाऱ्यावर गाडी राखणाऱ्याला खाऱ्या हवेचा गंज ठाऊक असतो. पण इथे मिठाचं पाणी चार-पाच महिने थेट गाडीच्या पोटावर उडत राहतं.

१९९९ ते २००२ दरम्यानच्या जीएमच्या पिकअप आणि एसयूव्हींमध्ये पुढच्या हबवर सेन्सर ज्या जागी बसतो तिथे गंज धरू लागला. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं. सेन्सरच्या बुडाखाली गंजाचे थर साचले आणि त्यांनी सेन्सरला कडीपासून वर उचललं. फट वाढली. वेगात असताना सिग्नल पुरेसा होता, म्हणून कंट्रोलरला काही वावगं दिसलं नाही, कोड आला नाही, दिवाही लागला नाही. पण सिग्नलजवळ थांबताना, शेवटच्या काही मीटरमध्ये, एका चाकाचा सिग्नल अचानक नाहीसा व्हायचा. कंट्रोलरने त्याचा अर्थ लावला, चाक लॉक झालं. त्याने त्या चाकाचा दाब सोडला. कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकवर पेडल थरथरायचं आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकायची, कधी थेट चौकात.

या तक्रारी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे पोचल्या, आणि ऑगस्ट २००५ मध्ये जीएमने मीठ टाकणाऱ्या १४ राज्यांमधल्या सुमारे आठ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय साधा होता. सेन्सर काढायचा, बैठक घासून लोखंडापर्यंत स्वच्छ करायची, गंजरोधक लावायचं, सेन्सर परत बसवायचा आणि त्याचा सिग्नल कमकुवत निघाला तर तो बदलायचा. पण गंज एकदा साफ केला म्हणून थांबत नाही. त्यानंतर आणखी वीस हिवाळे गेले आहेत. तीच बैठक पुन्हा फुगते. बाकीच्या राज्यांतल्या ज्या गाड्या पुढे विक्रीतून या पट्ट्यात आल्या, त्यांचं हे काम तर झालेलंच नसतं.

या दोषाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण तो दिवा लावत नाही. दिवा लागलेल्या गाडीत एबीएस गप्प बसलेलं असतं आणि साधा ब्रेक मिळतो. इथे मात्र यंत्रणा चालू असते आणि चुकीच्या माहितीवर निर्णय घेत असते. ओळखायची खूण म्हणजे वेग. वाकडी झालेली डिस्क महामार्गावरून ब्रेक मारताना पेडल आणि स्टीअरिंग हलवते. खोट्या सिग्नलची थरथर थांबता थांबता, ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली जाणवते आणि तिच्याबरोबर पंपाची घरघर ऐकू येते. खात्रीसाठी मोकळ्या मैदानात, फक्त चाचणीपुरता, एबीएसचा फ्यूज काढून त्याच वेगात ब्रेक दाबावा. थरथर गेली तर डिस्कवर पैसे घालवायचं कारण नाही. हातात स्कॅनर असेल तर याहून चांगला मार्ग आहे. तिन्ही सेन्सरचे वेग एकाच आलेखावर लावायचे आणि सरळ रस्त्यावर हळूहळू गाडी थांबवायची. बाकीच्या रेषा एकत्र उतरतात आणि दोषी चाकाची रेषा त्यांच्या आधीच शून्यावर आदळते. मला माहीत असलेल्या तपासण्यांमध्ये इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी नाही.

सेन्सर बाहेर काढणं हे स्वतंत्र कष्टाचं काम आहे. गंजात रुतलेला प्लास्टिकचा सेन्सर पकडीने पिळला की तुटतो आणि त्याचा तुकडा भोकात राहतो. गंज सैल करणारं तेल आदल्या दिवशी टाकून ठेवावं, आजूबाजूला हलके ठोके द्यावेत, आणि तुटला तर काय करायचं याची तयारी ठेवूनच हात घालावा. बैठक घासायची असते, सेन्सरचं टोक घासायचं नसतं.

मल्टिमीटरने सेन्सर तपासताना लोक कनेक्टर सोडवून ओम मोजतात आणि आकडा ठीक आला की सेन्सर निर्दोष ठरवतात. हजार-दोन हजार ओमच्या आसपासचा आकडा आला, तर गुंडाळी तुटलेली नाही एवढंच कळतं. फट वाढलेली आहे का, कडीचा दात गेला आहे का, बेअरिंगमध्ये प्ले आहे का, यातलं काही त्यातून कळत नाही. त्याऐवजी मीटर एसी व्होल्टवर ठेवावा, चाक जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावं आणि हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवावं. मग दुसऱ्या बाजूच्या चाकावर तेच करावं. दोन बाजूंची तुलना पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी असते. चाक उचललेलंच आहे, तर वर-खाली धरून हलवून बेअरिंगचा प्लेही बघून घ्यावा. बेअरिंग झिजलं की कडी सेन्सरसमोर डगमगते आणि नवा सेन्सर घालूनही काही उपयोग होत नाही.

मागच्या एकट्या सेन्सरची कथा वेगळी. ज्या गाड्यांत तो डिफरन्शिअलवर आहे, तिथे तो चुंबक गिअर ऑइलमध्ये तरंगणारा लोखंडाचा बारीक चुरा खेचून घेतो. टोकावर चुऱ्याची दाढी तयार झाली की सिग्नल वेडावाकडा होतो. सेन्सर काढला, पुसला, परत बसवला, की कधी कधी तेवढ्यावर भागतं. पण चुरा जास्त असेल तर तो डिफरन्शिअलच्या झिजेचा इशारा आहे. काही गाड्यांत याच सेन्सरवर स्पीडोमीटर चालतो, म्हणून काटा उड्या मारत असेल तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. मापाबाहेरचे मोठे टायर किंवा बदललेलं डिफरन्शिअलचं गुणोत्तर यांनीही कंट्रोलरची चाकांची तुलना चुकते. जुनी पिकअप तीन-चार मालकांच्या हातून आलेली असते आणि आधीच्या मालकाने काय बदललं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

आता तारा. पुढच्या चाकाच्या सेन्सरची तार प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यात वाकते. वीस वर्षांनी वरचं आवरण धड दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. मीटर जोडून तार इंच-इंच हलवत आकडा पाहावा लागतो. आवरणाला बारीक भोक असेल तर खारं पाणी आत शिरून तांब्यावर हिरवा कीट चढतो, आणि तो आवरणाखालून कितीतरी लांबवर पसरतो. अशी तार चांगलं तांबं दिसेपर्यंत कापावी लागते. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर सारखा पडून रद्द होतो. दुरुस्ती करताना पीळ सोडून सरळ तारा जोडल्या की नवाच गूढ दोष जन्माला येतो. जोड डाख देऊन वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी इथे एक हिवाळाही काढत नाही.

अर्थिंगला मी या सगळ्यांच्या वर ठेवीन. १९९९ नंतरच्या सिल्व्हराडोच्या पिढीत कंट्रोलर आणि पंप ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीच्या पट्टीवर बसवला आहे. चाकाने उडवलेलं पाणी अगदी तिथवर येतं. त्याची अर्थिंग जवळच चॅसीला बोल्टने जोडलेली आहे. बोल्टखाली गंज धरला की कंट्रोलरला वीज पुरत नाही. पंप आणि रिलेच्या सर्किटचा सी ०२६५ हा कोड येतो, कधी स्कॅनरशी बोलणंच बंद होतं. जीएमने आपल्या डीलरांना पाठवलेल्या तांत्रिक पत्रकात हाच उपाय दिला होता, की अर्थिंगची जोडणी नव्याने करा. तरीही सी ०२६५ दिसला की पहिली ऑर्डर कंट्रोलरची जाते. कंट्रोलर शेकडो डॉलरचा, अर्थिंग साफ करायला तारेचा ब्रश आणि नवा बोल्ट.

इथेही ओम मोजून फसगत होते. सात-आठ धाग्यांतला एकच धागा शिल्लक असलेली तारही मीटरवर शून्याजवळ ओम दाखवते, कारण मीटर तिच्यातून नगण्य वीज सोडतो. खरी परीक्षा ओझ्याखाली. स्कॅनरने पंप चालू करायचा आणि त्याच वेळी बॅटरीच्या ऋण टोकापासून कंट्रोलरच्या अर्थिंग पिनपर्यंत व्होल्ट मोजायचे. दशांश दोन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष सापडला. ब्रेक लाइटचं स्विचही या टप्प्यावर तपासून घ्यावं. पाय पेडलवर आहे की नाही हे कंट्रोलरला त्याच्याकडूनच कळतं.

हे सगळं निर्दोष निघालं तरच कंट्रोलर. तो खरोखर बिघडतो, यात शंका नाही. उष्णता आणि हादऱ्यांनी आतले डाख तडकतात, रिले जळतो. त्या पिढीतल्या जीएममध्ये इलेक्ट्रॉनिक भाग पंपाच्या ठोकळ्यापासून स्क्रू काढून वेगळा होतो, ब्रेकच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत. तो काढून दुरुस्तीला पाठवता येतो. स्वतःचाच भाग दुरुस्त होऊन आला की गाडीशी जुळवण्याचा प्रश्नही सहसा येत नाही. भंगारवाड्यातून आणलेला दुसऱ्याचा कंट्रोलर घेताना भाग क्रमांक तंतोतंत जुळायला हवा, आणि तोही तितक्याच हिवाळ्यांतून गेलेला आहे याची जाणीव हवी.

पंपाचा ठोकळा आणि व्हॉल्व्ह यांच्याकडे वळायची वेळ क्वचित येते. तिथला दोष बहुतेकदा दिव्याऐवजी पेडलमधून बोलतो. मागच्या चाकांच्या जुन्या यंत्रणेत दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की ब्रेक ऑइल आतल्या आत निसटतं आणि पेडल हळूहळू खाली जातं. बाहेर थेंबभरही गळती दिसत नाही. लोक मास्टर सिलिंडर बदलतात, मग परत बदलतात, एअर काढतात आणि पेडल तसंच राहतं. मास्टर सिलिंडरची तोंडं योग्य मापाच्या प्लगने बंद करून पेडल दाबलं की निकाल लागतो. पेडल टणक राहिलं तर सिलिंडर चांगला आहे, दोष पुढे आहे. तो कचरा बहुधा जुन्या ऑइलमधून आलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाण्याने गंज होतो. म्हणून पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याआधी एअर काढायचं निपल उघडावं, म्हणजे तळाचा गाळ व्हॉल्व्हकडे परतणार नाही.

नळ्यांना हात लावण्यापूर्वी एक धोका लक्षात घ्यावा. १९९९ ते २००३ च्या जीएम गाड्यांच्या ब्रेकच्या स्टीलच्या नळ्या गंजून फुटतात, या तक्रारींची सरकारी चौकशी २०१० साली सुरू झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गाड्या परत न बोलावताच बंद झाली. मालकांना गाडीचं पोट धुवा आणि नळ्या तपासत राहा, एवढा सल्ला मिळाला. मला तो निकाल अपुरा वाटतो. मीठ टाकणार हे ठाऊक असलेल्या राज्यांत विकायच्या गाडीला गंज न धरणारी नळी देणं अशक्य नव्हतं. तांबं-निकेलची नळी आज कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. जुन्या गाडीत मात्र ठोकळ्यावरचा गंजलेला नट फिरवताना तो नळीला पीळ देऊन तोडतो, आणि एबीएस दुरुस्त करायला बसलेला माणूस रात्री ब्रेकच नसलेल्या गाडीसमोर उभा राहतो. नवी नळी हाताशी नसताना तो नट सोडवू नये.

मग फ्यूज काढून मोकळं व्हावं का? या बाजूने बोलणारे म्हणतात, एबीएसने फारसा फरक पडत नाही. त्यांच्याजवळ एक खरा आधार आहे. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्याच २००९ च्या अभ्यासात, चार्ल्स काहाने आणि जेनिफर डँग यांना प्राणघातक अपघातांवर एबीएसचा एकूण परिणाम जवळजवळ शून्य दिसला. पण त्याच अभ्यासात जीव न जाणाऱ्या अपघातांत पडण्याचं प्रमाण कारमध्ये सहा टक्क्यांनी आणि पिकअप-एसयूव्हीच्या गटात आठ टक्क्यांनी कमी आढळलं. आठ टक्के हा रोज कामाला जाणाऱ्या गाडीसाठी लहान आकडा नाही. शिवाय ज्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाबच कंट्रोलर सांभाळतो, तिथे फ्यूज काढणं म्हणजे कारखान्याने दिलेल्या ब्रेकपेक्षा कमी ब्रेक घेऊन फिरणं. खोटी थरथर गाडी चौकात ढकलत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत दोन-चार दिवस फ्यूज काढून, जास्त अंतर ठेवून, सावकाश चालवणं मला समजतं. कायमचा उपाय म्हणून नाही. गाडी विकायची झाली, तर काढलेला फ्यूज घेणाऱ्याला सांगायलाच हवा.

दुरुस्ती झाल्यावर दिवा विझला म्हणजे काम संपलं असं नाही. कोड पुसून गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, मग तिन्ही सेन्सरचा आलेख पुन्हा काढून थांबण्याच्या शेवटच्या मीटरपर्यंत रेषा एकत्र उतरतात का ते बघावं. त्यानंतर रिकाम्या, खडीच्या रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगात एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाबावा. पेडल पायाखाली धडधडलं, पंप घरघरला आणि स्टीअरिंग वळवलं तिकडे गाडी वळली, तर यंत्रणा काम करते आहे. बैठक घासून बसवलेल्या सेन्सरची हीच तपासणी पुढच्या एप्रिलमध्ये, मिठाचा हंगाम संपल्यावर, परत करावी.